डिस्क मरतेय, हे कुणाला सांगायचं? : स्टोरेजच्या इशाऱ्यांचा एक इतिहास

आमच्या लॅबच्या सर्व्हरने मदत मागितली होती. एकदा नाही, सलग अकरा दिवस, रोज सकाळी. कुणी ऐकलं नाही, कारण ज्याला तो सांगत होता तो सीनियर पदवीदान होऊन पोस्टडॉकला परदेशी गेला होता आणि त्याचं संस्थेचं ईमेल खातं बंद झालं होतं. बाराव्या दिवशी दुसरी डिस्क गेली आणि तिच्यासोबत माझ्या चार महिन्यांच्या सिम्युलेशनच्या ट्रॅजेक्टरी फाइल्स गेल्या.

नंतर सर्व्हरच्या रूट खात्याची मेलपेटी उघडली तेव्हा ते अकरा मेल आणि त्यांच्यासोबत 'पत्ता अस्तित्वात नाही' असं सांगत परत आलेली अकरा उत्तरं, असे सगळे ओळीने पडलेले दिसले. सॉफ्टवेअरने आपलं काम चोख केलं होतं. नियम होता, तो लागूही झाला होता. फक्त नियमात लिहिलेला माणूस उरला नव्हता.

माझा सिनॉप्सिस एक सत्र पुढे गेला. गाईड रागावले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. त्या रिकाम्या दिवसांत (सिम्युलेशन पुन्हा चालू असताना दुसरं करायचं काय?) मी एक नाद लावून घेतला: 'अमुक झालं की तमुकाला कळव' हा नियम मुळात आला कुठून, हे शोधायचा. पीएचडीला नव्याने लागणाऱ्यांनी हे वाचावं असं वाटतं, कारण वर्षभरात तुमच्यापैकी कुणाच्या तरी गळ्यात लॅबचा सर्व्हर पडणारच आहे. तो कधीच विचारून पडत नाही.

सुरुवात १९८३ पासून करू. त्या वर्षी बर्कलीच्या युनिक्सची ४.२बीएसडी ही आवृत्ती आली आणि तिच्यात डिस्क कोटा होता. तो मेलबर्न विद्यापीठातल्या रॉबर्ट एल्झ यांनी लिहिलेला. विद्यापीठाचं एक मशीन, त्यावर शेकडो विद्यार्थी आणि डिस्क सगळ्यांत मिळून एकच. तेव्हा कुणीतरी सगळी जागा खाणार हे ठरलेलंच. एल्झ यांनी दोन मर्यादा ठेवल्या. एक मऊ, एक कडक. मऊ मर्यादा ओलांडली की इशारा मिळतो, पण काम चालू राहतं आणि जागा मोकळी करायला थोडी सवलत मिळते. कडक मर्यादेला पोचलात की पुढचं लिहिणंच बंद.

आजच्या कुठल्याही स्टोरेज सॉफ्टवेअरमध्ये 'वॉर्निंग' आणि 'क्रिटिकल' असे दोन आकडे भरायला सांगतात, त्याचं हे जुनं रूप म्हणायला हरकत नाही. पण मला त्यात आवडलेली गोष्ट वेगळी आहे. इशारा जायचा तो थेट जागा भरणाऱ्याच्याच टर्मिनलवर. ज्याने केलं, जो निस्तरू शकतो आणि जो आत्ता समोर बसलाय, ही तिन्ही माणसं एकच. पत्त्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

त्याच आवृत्तीतल्या नव्या फाइल सिस्टीममध्ये दहा टक्के जागा राखून ठेवायची पद्धत होती. कारण तांत्रिक होतं: डिस्क त्याहून जास्त भरली की फाइलचे तुकडे जवळजवळ ठेवायला जागा सापडत नाही आणि वेग कोसळतो. ती राखीव जागा फक्त रूटला वापरता यायची. गंमत म्हणजे रूटने ती वापरायला घेतली की 'डीएफ' ही आज्ञा डिस्क शंभर टक्क्यांहून जास्त भरल्याचं दाखवायची. पुढे लिनक्सच्या ईएक्सटी२ मध्ये ही राखीव जागा पाच टक्क्यांवर आली. आज सगळीकडे दिसणारा नव्वद टक्क्यांचा इशारा या दहा टक्क्यांतून रुजला असावा, असा माझा आपला अंदाज. पण चार टेराबाइटच्या डिस्कचे दहा टक्के म्हणजे चारशे गिगाबाइट! हा आकडा आपण विचार न करता वारशाने घेतलाय, एवढं नक्की.

याच दशकात एरिक ऑलमन बर्कलीत सेंडमेल लिहीत होते. त्यातल्या नोंदींसाठी त्यांनी सिसलॉग नावाची छोटी सोय केली आणि ती मूळ कामापेक्षा दूर पसरली. सिसलॉगमध्ये संदेशाच्या तीव्रतेच्या आठ पायऱ्या आहेत, शून्य म्हणजे आणीबाणी आणि सात म्हणजे डीबग. पायऱ्या पाठ करायची गरज नाही. महत्त्वाचं आहे ते काम वाटून देणं. प्रोग्रामने फक्त सांगायचं की काय झालं आणि ते किती गंभीर आहे. ते कुणाला कळवायचं हे प्रोग्रामने ठरवायचं नाही. ते एका वेगळ्या साध्या फाइलमध्ये, एका ओळीत एक नियम असं लिहायचं. डावीकडे 'कुठून आलं आणि किती गंभीर', उजवीकडे 'कुठे पाठवायचं': फाइलमध्ये, एखाद्या माणसाला, दुसऱ्या मशीनला किंवा लॉगिन असलेल्या सगळ्यांना.

आजच्या रंगीत डॅशबोर्डवर 'नवीन नियम जोडा' असं बटण दाबल्यावर जो फॉर्म उघडतो तो म्हणजे या दोन रकान्यांचाच विस्तार. पण या वाटणीत एक फट राहिली. उजवा रकाना एकदा लिहिला की तो आपोआप जुना होत जातो. डिस्क रोज तपासली जाते, माणूस तपासला जात नाही.

आता १९८८. या एका वर्षात दोन गोष्टी झाल्या आणि त्या एकत्र वाचल्या तर बरंच उलगडतं. पहिली, जूनमध्ये सिगमॉड परिषदेत डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेडवरचा निबंध मांडला. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा समूह वापरायचा आणि जास्तीची माहिती अशी साठवायची की एक डिस्क मेली तरी डेटा राहील. दुसरी, ऑगस्टमध्ये एसएनएमपी या प्रोटोकॉलचा आरएफसी १०६७ प्रसिद्ध झाला. नेटवर्कवरच्या उपकरणाने आपण होऊन 'इकडे काहीतरी बिघडलंय' असं मध्यवर्ती मशीनला कळवायची सोय त्यात होती. त्या संदेशाला ट्रॅप म्हणतात.

रेडचा निबंध वाचलाच पाहिजे असा आहे, आणि तो वाचताना सूत्र ओलांडून पुढे जाऊ नका. डेटा कायमचा जाईपर्यंतचा सरासरी काळ काढताना लेखक एका डिस्कच्या सरासरी आयुष्याचा वर्ग वर घेतात आणि खाली, छेदात, इतर गोष्टींसोबत दुरुस्तीला लागणारा वेळ असतो. उदाहरणात डिस्कचं आयुष्य ३०,००० तास आणि दुरुस्तीचा वेळ एक तास धरलाय. दुरुस्ती म्हणजे खराब डिस्क बदलून नवीवर माहिती पुन्हा बांधणं. पण ती सुरू कधी होणार? एक तर तयारीत ठेवलेली जादा डिस्क आपोआप कामाला लागेल, नाहीतर कुणाला तरी कळल्यावर. जादा डिस्क नसेल, तर इशारा पोचायला लागणारा वेळ हा थेट छेदातला आकडा होतो.

आमच्या सर्व्हरला जादा डिस्क नव्हती. अकरा दिवस म्हणजे २६४ तास. छेद २६४ पटींनी मोठा, म्हणजे सूत्राने दिलेली सुरक्षितता २६४ पटींनी कमी. हे गणित मी घटना घडून गेल्यावर वहीत केलं. इशाऱ्याला मी तोपर्यंत वरून लावलेली घंटा समजत होतो. तो रेडच्या सूत्राचाच भाग आहे हे तेव्हा डोक्यात शिरलं.

आणखी एक. रेडचं यशच असं की बिघाड दिसत नाही. साधी डिस्क मेली की लगेच बोंब होते, फाइल उघडत नाही. रेडमध्ये डिस्क मेली तरी सगळं जसंच्या तसं चालतं, फार तर थोडं हळू. आमच्याकडे पुढच्या पट्टीवर एक लहान नारिंगी दिवा लागला होता. मी तो पाहिला होता. पाण्याची बाटली भरायला जाताना रोज पाहत होतो. तो नेहमीच लागलेला असतो अशी मी समजूत करून घेतली.

एसएनएमपीचा ट्रॅप यूडीपीवरून जातो, म्हणजे पोस्टकार्ड टाकल्यासारखा. पोचलं की नाही हे पाठवणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. दुसऱ्या आवृत्तीत 'इन्फॉर्म' नावाचा संदेश आला, ज्याची पोच मिळते. न मिळाल्यास तो पुन्हा पाठवता येतो. पण ती पोच मशीनची. माणसाने वाचलं याची नव्हे.

नव्वदच्या दशकात डिस्क बनवणारेच या खेळात उतरले. १९९२ मध्ये आयबीएमने आपल्या एएस/४०० सर्व्हरच्या डिस्कमध्ये बिघाडाचं भाकीत करायची सोय आणली. कॉम्पॅकने सीगेट, क्वांटम आणि कॉनर यांना घेऊन तसंच काहीसं केलं, आणि १९९५ मध्ये ते प्रमाणीकरणासाठी समितीपुढे ठेवलं. त्यातून स्मार्ट तयार झालं. डिस्क स्वतःबद्दलचे आकडे मोजते: किती सेक्टर बदलून घ्यावे लागले, तापमान किती, किती तास चालली. प्रत्येक आकड्याची मर्यादा बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेली, आणि शेवटी उत्तर हो किंवा नाही.

हे भाकीत कितपत खरं? २००७ मध्ये गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बारोसो यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास फास्ट परिषदेत मांडला. पहिला स्कॅन एरर दिसल्यानंतरच्या साठ दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता, असे एरर नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट. म्हणजे इशारा खरा. पण त्याच निबंधात हेही आहे की मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्के डिस्कमध्ये चार महत्त्वाच्या स्मार्ट आकड्यांपैकी एकही शून्याच्या वर गेला नव्हता. म्हणजे निम्म्याहून जास्त डिस्क काही न बोलता गेल्या. पहिलं वाक्य सगळे उद्धृत करतात, दुसरं कमी जण. संशोधनाला लागताना ही सवय लावून घ्या: ज्या निबंधातून आकडा उचलताय, त्याच्या पुढचं पान वाचा.

आता माझा आवडता भाग. लिनक्सवर स्मार्ट वाचायला आज जगभर वापरतात ते स्मार्टमॉनटूल्स हे सॉफ्टवेअर कुणी सुरू केलं असेल? ना डिस्क कंपनीने, ना सर्व्हर विकणाऱ्याने. ब्रूस ॲलन या भौतिकशास्त्रज्ञाने, जो गुरुत्वीय लहरींवर काम करत होता. २००२ साली तो अमेरिकेत विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठात होता. लायगोच्या डेटातून क्षीण संकेत शोधायला त्याच्या गटाने साध्या बाजारी संगणकांचं क्लस्टर उभारलं होतं. शेकडो संगणक म्हणजे शेकडो स्वस्त डिस्क, आणि त्यातली कुठली ना कुठली सतत मरणार. मायकेल कॉर्नवेल यांचा स्मार्टस्वीट हा आधीचा प्रोग्राम त्याने पायाला घेतला आणि पुढे बांधला. म्हणजे आपल्यासारखीच अडचण: मूळ प्रश्न आकाशातला आणि वेळ जातोय डिस्क बदलण्यात. (ॲलन पुढे हॅनोव्हरला माक्स प्लांकच्या गुरुत्वीय भौतिकी संस्थेचे संचालक झाले. ज्या लायगोसाठी ही खटपट होती तिची भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ व्हायची आहे आणि पुण्याच्या आयुकातले लोक त्या कामात आहेत. तिथल्या मशीनवरही हेच सॉफ्टवेअर चालत असेल का, हे कुणाला तरी विचारायचं आहे.)

त्यातल्या स्मार्टडी या सतत चालणाऱ्या भागाची मांडणी बघा. वेगळं काही सांगितलं नाही तर दर अर्ध्या तासाने तो डिस्क तपासतो. बिघाड दिसला की मेल पाठवतो, पण किती वेळा पाठवायचं हे तुम्ही निवडायचं. 'एकदा' म्हटलंत तर एकच मेल. 'रोज' म्हटलंत तर रोज. तिसरा पर्याय सगळ्यात शहाणा आहे: एका दिवसाने, मग दोन दिवसांनी, मग चार, अशी अंतरं दुप्पट होत जातात. रोज तेच सांगणाऱ्याचं माणूस ऐकेनासा होतो आणि एकदाच सांगून गप्प बसणाऱ्याचं विसरून जातो; हे ओळखून कुणीतरी मधली वाट काढलीय.

आणि चौथी सोय, जी मी वापरली असती तर ही पोस्ट लिहावी लागली नसती: स्मार्टडी सुरू होताना चाचणीचा मेल पाठवा. डिस्क ठीक आहे, बिघाड काही नाही, फक्त हा मेल तुम्हाला मिळतोय का ते बघा. लिनक्सची रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएममध्येही अशीच चाचणीची सोय आहे. एक शब्द लिहायचा असतो.

एथन गॅलस्टॅडचं नेटसेंट १९९९ मध्ये आलं आणि २००२ मध्ये त्याचं नाव नागिओस झालं. इथे नियम लिहिण्याला व्याकरण आलं. एकदा तपासणी चुकली म्हणून लगेच ओरडायचं नाही. ती अवस्था मऊ. ठरावीक वेळा सलग चुकली की कडक, आणि मग सूचना. (१९८३ चेच दोन शब्द इथे वेगळ्या अर्थाने परत भेटतात.) सूचना एका माणसाऐवजी गटाला. कुणी 'पाहिलं' अशी नोंद केली की थांबायचं. कुणीच केली नाही तर काही फेऱ्यांनंतर वरच्या माणसाला. ही शेवटची पायरी आमच्याकडे असती तर तिसऱ्या दिवशी गाईडना मेल गेला असता.

तरी मोठ्यांचंही तेच होतं, हे पाहून थोडं बरं वाटलं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा, थकलेल्या अवस्थेत, चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे तीनशे गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते. बॅकअप घ्यायला गेले तर रोजच्या बॅकअपची जागा रिकामी. बॅकअपचा प्रोग्राम डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचा होता आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो दर वेळी अपयशी होत होता. अपयशाचे मेल निघतही होते. पण ते डीमार्कच्या नियमानुसार स्वाक्षरी केलेले नव्हते, म्हणून घेणाऱ्या मेल सर्व्हरने नाकारले. सुदैवाने सहा तास आधी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत सापडली. त्या सहा तासांतला डेटाबेसमधला मजकूर मात्र गेला. सुमारे पाच हजार प्रकल्पांना झळ बसली. गिटलॅबने हे सगळं न लपवता स्वतः लिहून प्रसिद्ध केलं आणि दुरुस्ती चालू असताना थेट प्रक्षेपणही केलं. बिघाडाचा अहवाल कसा लिहावा याचा नमुना म्हणून तो वाचा.

क्योतो विद्यापीठाची घटना मला जास्त अस्वस्थ करते, कारण तिथे गेला तो आपल्यासारख्यांचा डेटा. डिसेंबर २०२१ मध्ये, १४ ते १६ तारखांदरम्यान, महासंगणकाच्या स्टोरेजवरून ७७ टेराबाइटच्या आसपास, सुमारे ३ कोटी ४० लाख फाइल्स पुसल्या गेल्या. १४ संशोधन गटांचं नुकसान झालं, त्यातल्या चार गटांचा डेटा परत मिळालाच नाही. जुन्या लॉग फाइल्स पुसणारी एक स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवी आवृत्ती लिहिली गेली; अर्धवट वाचलेल्या स्क्रिप्टमध्ये मार्गाचं नाव रिकामं राहिलं आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाइल्स पुसल्या जाऊ लागल्या. पुरवठादार कंपनीने पूर्ण जबाबदारी घेतली.

इथे आपल्या वारशाने आलेल्या नियमाची दुसरी बाजू दिसते. एल्झ यांच्या काळापासून आपली भीती एकच: डिस्क भरेल. म्हणून नव्वद टक्क्यांच्या वर गेली की घंटा. डिस्क झपाट्याने रिकामी होतेय, हे त्या नियमाच्या दृष्टीने शुभवर्तमान! जागा अचानक कमी वापरली जाऊ लागली तर कळव, असा नियम मी तरी कुठल्या लॅबमध्ये पाहिलेला नाही. आता आमच्याकडे आहे: एका दिवसात वापर पाच टक्क्यांहून जास्त घटला की मेल. आत्तापर्यंत दोनदा वाजला. दोन्ही वेळा एका ज्युनियरने जुन्या फाइल्स साफ केल्या होत्या आणि तिला माझा फोन गेला. ती जरा वैतागली. चालेल.

अलीकडच्या साधनांनी यातल्या काही फटी बुजवल्यात. २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये सुरू झालेल्या प्रोमिथियसमध्ये 'किती टक्के भरली' याऐवजी 'याच वेगाने भरत राहिली तर चार तासांत संपेल का' असा नियम लिहिता येतो. माझ्यासारख्यांना तो जास्त कामाचा, कारण सिम्युलेशन एका रात्रीत डिस्क भरतं. उलट ब्याण्णव टक्क्यांवरची जुनी डिस्क वर्षभर तशीच सुखाने पडून असते. त्याच्यासोबत एक उलटी युक्तीही वापरतात: एक इशारा मुद्दाम सतत वाजता ठेवायचा आणि दुसरीकडे कुणीतरी तो ऐकत बसायचं. तो थांबला तर समजायचं की कळवणारी यंत्रणाच मेली.

आमच्या लॅबला प्रोमिथियस जास्त होईल. मी त्याची गरिबाघरची आवृत्ती केलीय. इशारे आता कुणा एकाच्या नावाने जात नाहीत, लॅबच्या सामाईक पत्त्यावर जातात. गाईडसह पाच जणांना. कोण आलं, कोण गेलं याची यादी प्रत्येक सत्राच्या पहिल्या ग्रुप मीटिंगला मोठ्याने वाचतो. सर्व्हर दर महिन्याच्या एक तारखेला चाचणीचा मेल पाठवतो आणि तो आला की फळ्यावर बरोबरची खूण करायची. मार्चमध्ये खूण झाली नाही. चार तारखेला ज्युनियरने, तीच फोनवर वैतागलेली, विचारलं की या महिन्याचा मेल कुठेय. शोधलं तर संस्थेने मेल सर्व्हर बदलला होता आणि आमच्या सर्व्हरचे सगळे मेल तिथेच अडकत होते. दुरुस्त व्हायला वीस मिनिटं लागली. नारिंगी दिवा तेव्हा बंद होता, तेही आम्ही जाऊन पाहून आलो.